ओके दाबणारे हात

आमच्या घरात ‘हो’ हे उत्तर चालत नसे. आईनं चुलीपाशी बसून सांगितलं, "मने, दळण घेऊन ये," आणि मी नुसतं "हो" म्हटलं, की दारात दाढी करत बसलेले आप्पा हातातला आरसा खाली ठेवत. "हो म्हंजी काय? काय ऐकलंस ते सांग." मग मला म्हणावं लागे, "दळण आणायला जाते. ज्वारीचं. बाजरीचं उद्या." एवढं बोलून झाल्यावरच त्यांचा वस्तरा पुन्हा गालाला लागे. रेल्वे कॉलनीतल्या मैत्रिणी आमच्याकडे आल्या की गालात हसायच्या. मला लाज वाटायची, पण घरातून सुटका नव्हती.

आप्पा दौंडच्या बाहेरच्या एका फाटकावर गेटमन होते. गाडी यायच्या आधी स्टेशनमास्तरांचा फोन येई. फाटक लावायचं, कुलूप घालायचं आणि मग आपल्याजवळच्या कागदावरचा पुढचा आकडा मास्तरांना सांगायचा. मास्तर तो लिहून घेत आणि आपला आकडा देत. "फाटक लावलं, साहेब," एवढ्यावर कुणी गाडी सोडत नसे. आकडा दर वेळी निराळा, त्यामुळे तो सवयीनं तोंडातून निघू शकत नसे. कागद बघावाच लागे. हीच शिस्त आप्पांनी घरात आणली होती. आई वैतागायची. "ह्या माणसानं घराचं टेसन केलंय. उद्या मीठ मागितलं तरी नंबर द्यावा लागंल," असं ती शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणे. आप्पा त्यावर भाकरी मोडताना मिशीखाली किंचित हसत, एवढंच.

कॉलनी कधी गप्प नसायची. नगरकडून आलेल्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावत, त्याचा धक्का बसला की डब्यांमागून डब्यांत आवाज पळत जाई आणि आमच्या फळीवरची भांडी किणकिणत. पाहुणे दचकायचे. आम्ही वाटीवर हात ठेवून बोलणं चालू ठेवायचो. रोजचं जेवण बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याच्या कुटाची पातळ आमटी; रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की दुपारी सुकट. सुकटीच्या वासानं अख्ख्या चाळीला कळे की आज आप्पांची दिवसपाळी नाही.

ती घरची सवय अजून सुटलेली नाही. आता मी वरवंडला असते, स्वतःचा संसार आहे. मुलगा मोबाइल पुढे करून म्हणतो, "आई, ते अलाऊ कर ना पटकन." मी चष्मा शोधते, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचते आणि मग ठरवते. तो म्हणतो, "तू वाचेपर्यंत बॅटरी संपते." संपू दे. बॅटरी पुन्हा चार्ज होते.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मला शिरूरच्या बाजूला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ट्रेनी म्हणून घेतलं. पत्र्याचे भाग दाबून काढायचा कारखाना. दौंडहून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं, म्हणून मी शिरूरला आत्याकडे राहिले. आत्याला मूलबाळ नव्हतं, तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, वारलेले. ती कामगारांना डबे करून द्यायची. पहाटे माझी झोप भाकरी थापण्याच्या आवाजानं उघडे. परातीवर तळहाताचा पट्‌पट् असा एकसारखा ठेका, मध्येच भाकरी तव्यावर पडल्याचा नरम आवाज, पुन्हा ठेका. ती माझ्याशी बोलायची ती पाठ फिरवूनच. "तुझ्या कंपनीत बायका किती?" "मी आणि कॅन्टीनच्या दोघी." "मग डबा एकटी खाऊ नको. त्या दोघींत बसून खा. कामाचं काय चाललंय ते तिथंच कळतं." हा सल्ला मला पुढे फार उपयोगी पडला.

मला मेंटेनन्समध्ये टाकलं होतं. प्रेस मशीनला एक छोटा पडदा असे, त्याला पॅनेल म्हणत. मशीनला काही सांगायचं किंवा विचारायचं असलं की त्या पडद्याच्या मधोमध एक निळी चौकट उगवायची. आत इंग्रजीत एक ओळ आणि खाली दोन बटणं, ओके आणि कॅन्सल. पुस्तकात त्याला डायलॉग बॉक्स म्हणत. संवादाची चौकट. कामगार म्हणत, पाटी. "पाटी आली" म्हणजे मशीन थांबलं. "पाटी मार" म्हणजे ओके दाब. दहा नग झाले की पाटी. तेल कमी झालं की पाटी. सेन्सरवर धूळ बसून आतला पत्रा दिसला नाही की पाटी. मागची जाळी उघडी राहिली की पाटी. चारही पाट्या निळ्या, चारही एकाच जागी, चारींचंही ओके उजव्या कोपऱ्यात. कॅन्सल कुणी दाबत नसे, कारण एकदा दाबलं की सगळं सेटिंग जाई आणि सेटरला बोलवून ते पुन्हा भरेपर्यंत अर्धा तास मशीन उभं राही. म्हणजे बटणं दिसायला दोन, वापरायला एक.

पॅनेल मशीनच्या एका बाजूला आणि पत्रा लावायची जागा दुसऱ्या बाजूला होती. दर पाटीला तिकडे चालत जायचं तर टार्गेट होणार कसं? म्हणून कुणीतरी बांबूची एक काठी केली होती. टोकाला कापड गुंडाळून वर रबराचा तुकडा बांधलेला. जागेवरून न हलता काठी पुढे करायची आणि उजव्या कोपऱ्यात टोचायची. ‘ओकेची काठी’ पाळीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात जाई. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली तेव्हा त्या काठीलाही हळदकुंकू लावलेलं मी पाहिलं. मी हसले, तसे प्रेस चालवणारे दत्ताभाऊ म्हणाले, "हसू नका, मॅडम. ह्या काठीनंच आमचं टार्गेट होतंय. सायबानं नाय, हिनं."

दत्ताभाऊ शिरूरजवळच्या एका खेड्यातले. हात अतिशय साफ. पत्रा असा सरकवायचे की कडा कधी घासली जात नसे. मी एकदा विचारलं, "पाटीवर काय लिहिलंय ते बघता का?" ते म्हणाले, "मॅडम, पाटी येती आन् जाती. मी वाचत बसलो तर शेवाळे सायेब माझंच पारायण मांडतील." शेवाळे साहेब प्रॉडक्शनचे प्रमुख. तेही एकेकाळी ह्याच मशीनवर उभे राहिलेले, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनाही ते ऐकवायला आवडे.

मशीनच्या मागच्या बाजूला हेल्पर असे. कातरलेल्या पट्ट्या आत अडकल्या की तो जाळी उघडून लोखंडी आकड्यानं त्या ओढून काढी आणि ओरडून सांगे. दत्ताभाऊंचा हेल्पर रामसजीवन, उत्तर प्रदेशातला, तोंडात कायम गाणं असलेला. त्या दिवशी त्यानं जाळी उघडली, ओरडला, पण शेजारचा कॉम्प्रेसर नुकताच सुरू झाला होता. पडद्यावर पाटी आली. ‘गार्ड ओपन’, म्हणजे जाळी उघडी आहे, पुढे चालू ठेवायचं का? काठी पुढे झाली. ओके.

मी धावत गेले तेव्हा मशीन बंद केलेलं होतं. रामसजीवन जमिनीवर बसला होता आणि आपला हात दुसऱ्या हातात धरून त्याकडे असा बघत होता जणू तो दुसऱ्याचा आहे. मधल्या बोटाचं वरचं पेर गेलं होतं. दत्ताभाऊ काठी धरून तसेच उभे होते. कुणीतरी ती त्यांच्या मुठीतून ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्या दोघींच्या बोलण्यातून मला कळलं की दत्ताभाऊंना काढणार आहेत. थोड्या वेळानं शेवाळे साहेबांनी मला बोलावलं. "पॅनेलमधून काढून दे, ओके कुणी दिलं ते. मशीननं विचारलं होतं. त्यानं चालू ठेव म्हणून सांगितलं. ह्यात मशीनची चूक कुठं आहे?" मी म्हटलं, "ओके त्यांनीच दिलं, साहेब. पण त्यांना काय विचारलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं." साहेब म्हणाले, "समोर लिहिलं होतं. माणसाला गार्ड ओपन एवढं इंग्रजी कळत नाही? मी असतो तर वाचलं असतं." मी सुट्टीनंतर देते म्हटलं आणि बाहेर आले.

त्या सुट्टीला मी दौंडला गेले. आई सुकट भाजत होती. मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाले, "तुमची ती पाटी कुणाला इचारत हुती?"

"दत्ताभाऊंना. मशीन चालवणाऱ्याला."

"त्याला मागचं दिसतंय का?"

"नाही."

"मग त्याला कशापायी इचारायचं? मास्तर मला फोन करतो, कारण फाटक माझ्यापुढं हाय. त्यानं डायवरला इचारलं आसतं, फाटक बंद हाय का, तर डायवर काय सांगणार? व्हय म्हणणार. त्याला गाडी न्यायचीय."

आई तव्यापाशी बसूनच म्हणाली, "आता तिथं बी टेसन कर म्हणावं." आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "त्या माणसाची नोकरी जाता कामा न्हाई, मने. काय करणार हायेस ते बोल." मी बोलून दाखवलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि ताट पुढे ओढलं.

परत गेल्यावर मी शेवाळे साहेबांना म्हटलं, "तुम्ही एक तास मशीन चालवा. प्रत्येक पाटी वाचा. तुम्ही वाचून टार्गेट केलंत, तर मी तुम्हाला हवा तो कागद काढून देते आणि चूक दत्ताभाऊंचीच आहे असं माझ्या तोंडानं सांगते." आजूबाजूला चार माणसं होती. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "मला शिकवतेस? काठीबिठी नको मला. चालत जाऊन दाबेन."

मागच्या बाजूला मेंटेनन्सचा माणूस उभा केला, त्यानं मध्येच जाळी उघडायची, हात आत घालायचा नाही, एवढं ठरलं. साहेब मशीनला लागले. हात विसरलेले नव्हते. पत्रा सुंदर सरकत होता. पाटी आली की ते पॅनेलपाशी जात, वाचत, ओके देत आणि परत येत. लोक हातातलं काम टाकून बघत होते. थोड्या वेळानं जाळीची पाटी आली. साहेबांनी वाचली, हात मागे घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ. गार्ड ओपन. वाचलं की नाही?" मागचा माणूस हसला. दत्ताभाऊ भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं होतं, साहेब चुकतील. ते चुकत नव्हते. पुढच्या दोन्ही वेळा त्यांनी जाळी ओळखली.

तास संपला. साहेब घाम पुसत म्हणाले, "झालं तुझं समाधान?" मी तयार नग पडायच्या पिंपापाशी गेले आणि नग मोजायला बसले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून मोजले. एक्केचाळीस. पुन्हा मोजले. एक्केचाळीसच. भिंतीवरच्या फळ्यावर त्या मशीनचं तासाचं टार्गेट खडूनं लिहिलेलं होतं, नव्वद.

"साहेब, एक्केचाळीस झाले," मी म्हटलं.

"अगं, मग वाचत होतो ना मी!"

ते बोलले आणि बोलताबोलता थांबले. भिंतीपाशी उभे असलेले दत्ताभाऊ हळूच म्हणाले, "सायेब, मी रोज नव्वद देत हुतो." आवाजात चढ अजिबात नव्हता. ते नुसतं सांगत होते.

शेवाळे साहेब माणूस तापट, पण आकड्यापुढे खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी पिंपातले नग स्वतः मोजले. मग मला केबिनमध्ये नेलं. "दत्ताला काढत नाही. वर काय सांगायचं ते मी सांगतो. पण नव्वद तर मला पाहिजेत. तुला काय करायचंय ते पंधरा दिवसांत कर."

ते पंधरा दिवस मी जन्मात विसरणार नाही. आधी मी रोज मशीनपाशी उभी राहून पाट्या लिहून काढल्या आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला: ह्यात माणसानं ठरवण्यासारखं काय आहे? दहा नग झाले, ह्यात काय ठरवायचं? काहीच नाही. ती पाटी काढली, पडद्याच्या वरच्या कडेला नुसता आकडा पळू दिला. तेल कमी झालं, ते ऑपरेटर काय करणार? ते मेंटेनन्सनं बघायचं. तिथं पिवळी पट्टी केली, जी कामात आडवी येत नसे. धूळ बसलेल्या सेन्सरची पाटी मात्र ठेवली, कारण तिथं माणसाला खरंच हात लावून पुसावं लागे. पण बटणावरचं ओके खोडलं आणि मराठीत लिहिलं, ‘पुसला, पुन्हा बघ’. दुसऱ्या बटणावर, ‘थांबव’. आणि ‘थांबव’ दाबल्यावर सेटिंग जाणार नाही अशी सोय केली. थांबण्याची शिक्षा असेल तर कुणी थांबणार नाही, एवढं मला तोवर कळलं होतं.

जाळीच्या पाटीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्यांदा ती लाल केली, मोठी केली, अक्षरं जाड केली. दत्ताभाऊंना दाखवली. ते म्हणाले, "दोन दिस घाबरंल माणूस. तिसऱ्या दिशी लाल बी निळीच वाटंल." खरं होतं. चालू ठेवण्याचं ते बटण पुरवठादारानं साचा बसवण्यापुरतं दिलं होतं आणि पुढे ते काढायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी ते काढूनच टाकलं. आता पाटीवर एकच ओळ होती: ‘जाळी उघडी आहे. मागच्या माणसाची वाट बघा.’ खाली एकही बटण नाही. बटण मी मशीनच्या मागे, जाळीच्या बाहेर, हात आत असताना पोचता येणार नाही इतक्या अंतरावर बसवलं. जाळी लावून मागच्या माणसानं ते दाबल्याशिवाय समोरच्या पडद्यावरची पाटी जातच नसे. शेवाळे साहेबांनी विचारलं, "म्हणजे ऑपरेटरच्या हातात काहीच नाही?" मी म्हटलं, "त्याला दिसत नाही ते त्याला विचारायचं नाही, साहेब." त्यांनी हरकत घेतली, खर्च विचारला, दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा मी पुन्हा केबिनच्या दारात उभी राहिले, तेव्हा वायरमनला हाक मारली.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या वयात मला एवढा हट्ट कुठून आला. मी कायम नव्हते, ट्रेनी होते. मलाच घरी पाठवणं सगळ्यात सोपं होतं. आत्या रोज रात्री जेवताना विचारी, "झालं का?" मी नाही म्हटलं की ती ताटात आणखी अर्धी भाकरी टाकी. बस्स, एवढंच तिचं बोलणं. त्या अर्ध्या भाकरीनं मला बरंच पुढे नेलं.

रामसजीवन महिन्याभरानं कामावर आला. त्याला दुसरं काम देत होते, पण तो म्हणाला, "दत्ता भइया के पीछे ही रहूँगा." अडचण दत्ताभाऊंची होती. ते मशीनपाशी आले, पत्रा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. "माझ्यानं व्हायचं न्हाई, मॅडम. मागं कोण बी आसू द्या, त्यो नको." शेवाळे साहेब बाजूला उभे होते, त्यांनीही घाई केली नाही. मी दत्ताभाऊंना पडदा दाखवला, मागचं बटण दाखवलं, पुन्हा पुन्हा दाबून दाखवलं. ते मान हलवत होते, पण बघत नव्हते.

मग रामसजीवनच मागून म्हणाला, "चलाओ भइया, नहीं तो साहब चलाएँगे, इकतालीस निकालेंगे." लोक हसले. साहेबही हसले, जरा उशिरानं. दत्ताभाऊंनी पत्रा लावला. पहिले नग पडले. आकडा वर पळत होता, मशीन अडत नव्हतं. काही वेळानं मागे पट्टी अडकली, जाळी उघडली आणि पडद्यावर ती ओळ आली.

मशीन थांबलं. दत्ताभाऊंनी दोन्ही हात मशीनवरून काढून पाठीमागे बांधले. दाबायला काही नव्हतंच. मागे लोखंडी आकड्याचा खरखर आवाज येत होता. आखूड बोटानं रामसजीवनला वेळ लागत होता. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. आवाज थांबला. जाळी लागली. बटण दाबल्याचा दिवा लागला, पडद्यावरची ओळ गेली. मशीन तयार होतं, तरी दत्ताभाऊ हलले नाहीत.

"हाथ दिखा," ते म्हणाले.

"बटन दबाया ना, भइया."

"दिखा."

जाळीच्या वरून दोन पंजे वर आले, बोटं फाकवलेले. दत्ताभाऊंनी ते नीट बघितले, एक आखूड बोटसुद्धा, आणि मग मशीन चालू केलं.